कागदावरची दोन वर्षं

माझ्या आत्याला निवांत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. जेवायला ती बसते, पण तेही अर्धवट. एक पाय खाली सोडलेला, कुणी काही मागितलं की उठायला तयार. चौतीस वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. ज्या डेपोत ती लागली तिथे तोवर एकही बाई कंडक्टर नव्हती. गुडघा सीटच्या कडेला टेकवून, दोन्ही हात मोकळे ठेवून, ती हलत्या गाडीत उभी राहायची आणि गाडीने कितीही गचका दिला तरी पडायची नाही. सगळे तिला कंडक्टरबाईच म्हणायचे. तिचं खरं नाव शेजारपाजारच्यांना तिच्या निवृत्तीच्या दिवशी, डेपोच्या फळ्यावर वाचून कळलं.

ही निवृत्ती दोन वर्षं आधी आली होती, आणि त्याची गोष्ट जुनी आहे.

आत्या लहानपणी घरात टिकायची नाही. साडेचार वर्षांची असताना ती तीनदा हरवली आणि तिन्ही वेळा स्वतःच परत आली. आजीचा जीव टांगणीला लागायचा. माझे बाबा तिचे मोठे भाऊ, तिच्याहून दीड वर्षाने थोरले. ते नुकतेच शाळेत जाऊ लागले होते. शेवटी आजोबा एक दिवस आत्यालाही हाताला धरून शाळेत घेऊन गेले. हेडमास्तर म्हणाले, सहा पूर्ण असल्याशिवाय घेत नाही. आजोबा म्हणाले, सहा कधीच झाली. जन्मतारीख विचारल्यावर त्यांनी बोटांवर हिशेब करून बरोबर दोन वर्षं मागची तारीख सांगितली. तीच दाखल्यावर चढली, दाखल्यावरून नोकरीत गेली आणि कायमची झाली. त्यामुळे कागदावर आत्या माझ्या बाबांपेक्षा सहा महिन्यांनी मोठी आहे. घरात या गोष्टीवर खूप हसू व्हायचं. बाबा कधी रागावले की ती म्हणायची, "दादा, वडीलधाऱ्या बहिणीशी असं बोलू नये."

हसू थांबलं ते छप्पन्नाव्या वर्षी, कारण कागदावर तेव्हा अठ्ठावन्न झाली होती. निरोपाचा समारंभ झाला, हार घातले, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सवयीने उठली, आंघोळ केली, डबा भरला आणि डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. आतोबांनी विचारलं, "कुठे निघालीस?" तेव्हा तिला आठवलं की कुठेच नाही.

आतोबा चष्मेवाले. घराच्या खालीच त्यांचं दुकान आहे, दहा बाय आठचं. ते स्टुलावर बसले की दुपारपर्यंत त्यांची मान तेवढी हलते. समोर काचांचे खण, एका बाजूला घासायचं यंत्र, आणि काचेवर डोळे लावून बसलेला हा शांत माणूस. आत्या पहिल्या महिन्यात मदत करायला म्हणून दुकानात बसायला लागली. आठवड्याभरात तिने सगळे खण नव्या क्रमाने लावले, आणि आतोबांना उजव्या डोळ्याची एक काच शोधायला पाऊण तास लागला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला, तो असा, "तू जरा बाहेर फिरून येतेस का?"

ती फिरायला लागली. मग तलावावर. मी तेव्हा दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागले होते आणि सकाळी पोहायला जायचे. मीच तिला घेऊन गेले. सत्तावन्नाव्या वर्षी ती पाण्यात उतरली आणि दीड महिन्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहू लागली. तिथल्याच सूचनाफलकावर तिने ती जाहिरात वाचली. साठीपुढच्या हौशी खेळाडूंच्या वार्षिक स्पर्धा. बारा-चौदा खेळ, वाटेल तेवढ्यांत भाग घ्या. पाच-पाच वर्षांचे वयोगट. आणि ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी तीन खेळांचं मिळून एक पदक: शंभर मीटर पोहणं, तीन किलोमीटर चालण्याची शर्यत आणि गोळाफेक. तिन्हींचे गुण एकत्र.

"गोळा किती वजनाचा असतो?" तिने विचारलं.

"तीन किलो," मी फलकावर वाचून सांगितलं.

"सुट्ट्या पैशांची बॅग त्याहून जड होती," ती म्हणाली आणि नाव लिहायला गेली.

कागदावर साठ पूर्ण होताच तिने भाग घेतला. खरी अठ्ठावन्न. पहिल्या वर्षी ती सतरावी आली, मग अकरावी, मग नववी. दरवर्षी थोडी वर सरकत होती. या काळात वयाचा विषय कुणाच्या मनातही आला नाही, तिच्याही नाही. हरणाऱ्याला कोण विचारतं की तुझं वय किती.

चालण्याची शर्यत मात्र तिची खास होती. त्या शर्यतीत एक पाय सतत जमिनीला टेकलेला लागतो. दोन्ही पाय हवेत गेले की ते धावणं झालं. ट्रॅकच्या कडेला पंच उभे असतात. शंका आली की पिवळी थाळी दाखवतात, आणि तीनदा पकडलं की बाहेर. भल्याभल्या बायकांना थाळ्या दिसायच्या. आत्याला पाच वर्षांत एकदाही दिसली नाही. हलत्या जमिनीवर चौतीस वर्षं उभं राहिलेल्या बाईला पाय कसा टेकायचा ते सांगावं लागत नव्हतं.

या स्पर्धांतली एक गंमत बाहेरच्यांना कळत नाही. तिथे म्हातारं होण्याची लोक वाट बघतात. एकोणसत्तर वर्षांचा माणूस आपल्या गटात सगळ्यात थोरला असतो आणि मार खातो. सत्तर लागले की पुढच्या गटात सगळ्यात धाकटा होतो. त्यामुळे वाढदिवसाला खुशीत असलेली एवढी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत. आत्याही कागदावर पासष्ट लागायची वाट बघत होती. ती लागली आणि ती पासष्ट ते एकोणसत्तरच्या गटात आली. खरं वय त्रेसष्ट.

त्या वर्षी मी तिच्याबरोबर गेले होते. दोन दिवसांची स्पर्धा. पहिल्या दिवशी पोहणं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी चालणं, मग गोळा. चालण्यात ती पहिली आली, आणि असं अंतर ठेवून आली की शेवटच्या वळणावर मागे कुणी दिसतच नव्हतं. गोळ्याच्या वेळी ती वर्तुळात उभी राहिली तेव्हा मला म्हणाली होती, "गोळा हातात आहे, पण तो पोटात आल्यासारखा वाटतोय." तरी बरा फेकला.

निकालाला उशीर होता. मैदानाच्या कडेला एका बाकावर एक बाई बसल्या होत्या, उजव्या पायाखाली घडी केलेला टॉवेल ठेवून. उंच, सडपातळ, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल. त्या याच गटात होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. आत्या आमच्यासमोर येरझाऱ्या घालत होती.

"तुमचं चालणं बघत राहावंसं वाटतं," ग्रंथपालबाई तिला म्हणाल्या. "मी पहिला अर्धा किलोमीटर तुमच्या टाचा बघत होते. नंतर त्याही दिसेनाशा झाल्या."

"तुमचा गोळा माझ्या पुढे गेला," आत्या म्हणाली.

"गोळ्यात काय आहे. बारा वर्षं जाडजूड ग्रंथ वरच्या फळीवर चढवलेत." त्यांनी टॉवेल सरकवला. "आठ वर्षं येतेय मी. तीनदा चौथी आले. आता आश्चर्यही वाटत नाही. पुढच्या महिन्यात हा खुबा बदलणार आहेत, मग चालण्याची शर्यत बंद. डॉक्टरांनी सरळ सांगितलंय." मग सहज विचारलं, "तुम्ही यंदाच या गटात आलात ना? पासष्ट पूर्ण?"

"हो," आत्या म्हणाली.

निकाल लागला. तिन्ही खेळांचे गुण मिळून आत्या तिसरी. ग्रंथपालबाई चौथ्या, एका गुणाने. त्या उठल्या, लंगडत आल्या, आत्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "बघा, पुन्हा चौथी. मी म्हटलं नव्हतं?" आणि खरोखरच हसल्या.

घरी येताना बसमध्ये आत्या एका जागी उभी राहिली नाही. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आली. पदक पिशवीत होतं. मी म्हटलं, "गळ्यात घाल की." तर म्हणाली, "डबा सांडेल त्यावर." डबा रिकामा होता.

दुसऱ्या दिवसापासून तिची घालमेल सुरू झाली. ती एरवीही अस्वस्थ असायची, पण ती अस्वस्थता कामाची होती; तिच्यातून काहीतरी निघायचं. ही वेगळी होती. कपाट उघडायची आणि का उघडलं ते विसरून बंद करायची. कणीक मळायला घ्यायची आणि परातीत हात तसाच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहायची. तलावावर येईना. चौथ्या दिवशी मी घरी गेले तर ती जिन्याचे कठडे घासत होती, तेही शेजाऱ्यांच्या मजल्यावरचे.

"काय झालंय?" मी विचारलं.

"तिने मला विचारलं, पासष्ट पूर्ण का, आणि मी हो म्हटलं."

"कागदावर आहेच की."

"कागदावरचं तुझ्या आजोबांनी लिहिलं. हे 'हो' माझ्या तोंडचं आहे." तिने फडका पिळला. "हरत होते तोवर मला हे सुचलंही नाही गं. अठ्ठावन्नाची असताना साठीत घुसले तेव्हाही नाही. आता कुणाचं तरी काहीतरी माझ्याकडे आलंय."

रविवारी आत्याने आम्हाला बोलावलं. आतोबांचं दुकान बंद होतं. बाबा जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले; कुठल्याही गोष्टीत आधी हद्द कुठे आहे ते बघायची त्यांना सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नियम काय म्हणतो? जन्मतारखेचा पुरावा. तो तू दिलास. सरकारने मानला, खात्याने मानला. तू कुणाला फसवलेलं नाहीस."

"दादा, माझं वय किती?"



आतोबा सहसा मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "निवृत्तीचं पत्र आलं तेव्हा तू रडली होतीस. म्हणालीस, माझी दोन वर्षं खाल्ली. आता त्याच दोन वर्षांनी काहीतरी परत दिलं, तर ते घे आणि स्वस्थ बस."

"खाल्ली ती माझी होती," आत्या म्हणाली. "ही त्या बाईंची आहेत."

"मग परत करून टाक," बाबा वैतागून म्हणाले. "पण वयाचं नाव काढू नकोस. तारीख खोटी आहे असं लिहून दिलंस तर नोकरीचीही तारीख खोटी ठरेल. चौतीस वर्षांची नोकरी, पेन्शन, सगळ्याची चौकशी लागेल या वयात. त्यापेक्षा सांग की चालताना पाय उचलला गेला, पंचांच्या लक्षात आलं नाही, मन खातंय. संपला विषय."

मला ती युक्ती बरी वाटली होती. आत्याचा चेहरा पाहून मी तसं बोलले नाही.

"पाय उचलला नाही मी," ती हळू आवाजात म्हणाली. "एकदाही नाही. एक खोटं पुसायला दुसरं सांगू, आणि तेही माझ्या चालण्याबद्दल?"

 आतोबा उठून खाली गेले आणि रविवार असून त्यांनी दुकान उघडलं.

सोमवारी ती स्पर्धेच्या कार्यालयात गेली. मी दवाखान्यातून दोन तासांची रजा घेऊन बरोबर गेले. कार्यालय म्हणजे एका व्यायामशाळेच्या मागची खोली; भिंतीला लावलेलं टेबल टेनिसचं मोडकं टेबल, कोपऱ्यात गोळ्यांचं खोकं, आणि टेबलामागे सचिव. हे गृहस्थ स्वतः पंचाहत्तरीच्या गटात भाला फेकायचे. चांगला माणूस, पण फॉर्मशिवाय श्वासही न घेणारा.

"मला निकालातून नाव मागे घ्यायचंय," आत्या म्हणाली.

सचिवांनी चष्मा वर केला. "असा अर्ज अजून कुणी केला नाही. कारण?"

"कारण द्यायलाच हवं का?"

"कारणाशिवाय अर्ज कसा घेणार बाई? तब्येत म्हणावी तर स्पर्धा होऊन गेली. गैरप्रकार म्हणावा तर मला समितीला कळवावं लागेल. काही कागदपत्रांचा घोळ आहे का?"

 बाबांचं बोलणं आत्याच्या कानात असणार. "समजा, असला तर?"

"तर समिती तुमच्या खात्याला पत्र लिहिणार. खातं दाखला मागवणार. आमच्या हातात काही नाही." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी काही ऐकलेलं नाही. तुम्ही चांगल्या चालता. घरी जा."

बाहेर आल्यावर ती इतक्या भरभर चालू लागली की मला मागून पळावं लागलं. दोन थांबे गेले, तीन गेले. मी म्हटलं, "आत्या, बस पकडूया ना." ती म्हणाली, "पत्ता घेतलाय मी तिचा. इथून जवळ आहे." कधी घेतला, कुणाकडून, मला आजही माहीत नाही.

ग्रंथपालबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. पुस्तकं भिंतीला, पुस्तकं पलंगाखाली, बेसिनच्या वरच्या फळीवर दंतमंजनाच्या डब्याशेजारीही दोन. ऑपरेशनची तयारी म्हणून त्यांनी खालच्या फळीवरचं सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवलं होतं. त्या आनंदल्या, खुर्च्या पुढे केल्या. मी बसले. आत्या उभीच राहिली आणि उभ्या उभ्या तिने सांगून टाकलं. साडेचार वर्षांची मुलगी, हेडमास्तर, बोटांवरचा हिशेब, त्रेसष्ट.

ग्रंथपालबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"हे तुम्ही कार्यालयात का नाही सांगितलं?"

आत्याने तेही सांगितलं.

"म्हणजे तिथे सांगता येत नाही म्हणून इथे सांगताय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण कोरडा झाला. "मी चौथी आले, मला वाईट वाटलं, दोन दिवसांत ते गेलंही. सवय आहे. आता तुम्ही मला सांगून मोकळ्या झालात. मी काय करू? तक्रार करून तुमची पेन्शन अडकवू? की गप्प बसून तिसरी असूनही चौथी राहू?"

 तोंडात मारल्यासारखी आत्या उभी होती. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. पायही हलत नव्हते.

"पदक देऊन टाकते तुम्हाला," ती शेवटी म्हणाली.

"भांडं आहे का ते, शेजारी नेऊन द्यायला?"

आम्ही उठलो. दारापर्यंत त्या आल्या नाहीत. उठायला त्यांना त्रास होत होता, की उठावंसं वाटलं नाही, कोण जाणे.

पुढचे तीन दिवस आतोबांच्या शब्दांत सांगायचं तर घरात वारं सुटलं होतं. आत्या पहाटे बाहेर पडायची आणि उन्हं तापल्यावर यायची. पादत्राणांचा एक जोड तिने त्या तीन दिवसांत संपवला.  आतोबांनी एकदा तिला दुकानात बोलावून विचारलं, "खण पुन्हा लावतेस का?" यापेक्षा मोठं प्रेमाचं बोलणं त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. तिने मान हलवली आणि पुन्हा बाहेर गेली.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. मी योगायोगाने तिथेच होते. फोन मीच घेतला आणि आत्याच्या हातात दिला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"नियमावली वाचलीत का तुम्ही?" ग्रंथपालबाईंनी नमस्कारही केला नाही.

"नाही."

"कुणीच वाचत नाही. सचिवांनीही वाचलेली नाही. बेचाळीस पानांची आहे. पान एकतीस, नियम बावीस. कोणताही स्पर्धक निकालानंतर तीस दिवसांच्या आत, कारण न देता, आपलं नाव मागे घेऊ शकतो. खालचे स्पर्धक एकेक जागा वर येतात. 'कारण न देता' हे शब्द तसेच आहेत, मी तीनदा वाचले."

आत्या बोटांवर दिवस मोजत होती.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"हे मला तुम्ही आलात त्याच संध्याकाळी सापडलं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस सांगू की नको यात गेले. कारण फायदा माझाच होणार. मग वाटलं, मीच सांगितलं नाही तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला. हे बोलले त्याचा राग मानू नका."

"नाही मानत."

"आणखी एक. नियम नऊ. आधी लिहून दिलं तर स्पर्धकाला आपल्याहून लहान वयाच्या गटात खेळता येतं. मोठ्या गटात नाही, लहान गटात. तुमच्यासारख्या बाईंसाठी केलेला नसेल तो नियम, पण आहे."

फोन ठेवल्यावर आत्या थेट चपला घालून निघाली. सचिवांनी नियमावली धूळ झटकून काढली, पान एकतीस उघडलं, दोनदा वाचलं, आणि कारणाच्या रकान्यात आडवी रेघ मारून अर्ज घेतला. पदक तिने टेबलावर ठेवलं. त्याची पावती त्यांनी दिली, तीही दोन प्रतींत.

तिला वाटलं होतं की आता मन थाऱ्यावर येईल. ते आलं नाही. निकालाची सुधारित यादी फलकांवर लागली आणि लोकांना बोलायला विषय मिळाला. कारण दिलेलं नसलं की लोक आपापलं देतात. तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत मी स्वतः ऐकलं. एक म्हणाली, पाय उचलत होती म्हणे, कुणीतरी चित्रीकरण केलं. दुसरी म्हणाली, काहीतरी औषध घेत होती. मी बाहेर येऊन रागारागाने आत्याला सांगितलं. औषधाचं ऐकून तिला हसू आलं. ती फक्त पित्ताची गोळी घेते. पायाचं ऐकून मात्र ती पांढरी पडली.

"सांगून टाक ना खरं," मी म्हटलं. "निदान या बायकांना."

"सगळ्यांना सांगितलं की ते कार्यालयात पोचलंच." तिने टोपी डोक्यावर ओढली. "बोलू देत."

पण ती त्यांच्याबरोबर पोहायची बंद झाली. वेळ बदलली, सकाळची दुपारवर नेली, जेव्हा पाणी गरम आणि तलाव रिकामा असतो. बागेतल्या चालणाऱ्यांच्या गटातूनही ती गळाली. एकटी चालायची. पाच वर्षांत जोडलेली माणसं एका आडव्या रेघेपायी गेली, आणि ते तिला लागलं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण दुकानाच्या दारात उभी राहून ती आतोबांच्या गिऱ्हाइकांशी जरा जास्तच बोलू लागली होती.

ग्रंथपालबाईंचं ऑपरेशन झालं. आत्या रुग्णालयात गेली. जावं की नाही, यात दोन दिवस घालवून गेली. खोलीत शिरताच ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पदक आलं घरी. मी घेतलं. आठ वर्षांत तीनदा चौथी आलेली बाई आहे मी, घेणार नाही असं कसं होईल. पण आनंद म्हणाल तर अर्धाच झाला."

"मला अर्धाही नाही झाला," आत्या म्हणाली.

दोघी हसल्या. मग आत्याने पलंगाच्या पायाशी उभं राहून त्यांना पाय कसा टेकायचा ते दाखवलं, टाच आधी, मग चवडा. आणि नर्सने येऊन सांगितलं की हे सांगायला आमच्याकडे वेगळा माणूस आहे.

पुढच्या वर्षी आत्याने अर्जाबरोबर नियम नऊचा कागद जोडला आणि साठ ते चौसष्टच्या गटात नाव दिलं. खरं वय चौसष्ट. ज्या गटातून बाकीचे सुटायची वाट बघतात त्यात ती उलट पावली परत आली, सगळ्यांत थोरली होऊन. सचिवांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता शिक्का मारला.

साठ-एकसष्टच्या बायका फार जोरात चालतात. तिथे पोचून मला पहिल्यांदा कळलं की तीन-चार वर्षं म्हणजे काय. पहिल्या दोन फेऱ्या आत्या त्यांच्याबरोबर होती, मग अंतर पडत गेलं. कडेला उभ्या बायकांत तलावावरच्याही दोघी होत्या. त्या तिच्या पायांकडे टक लावून बघत होत्या. पंच वळणावळणावर वाकून बघत होते. थाळी दिसली नाही. ती चौथी आली. पोहण्यात दहावी, गोळ्यात बारावी, एकूण आठवी. घाम पुसत ती फलकासमोर उभी राहिली, आपला आकडा शोधला, आणि "आठ," असं स्वतःशीच म्हणाली. खूश होती का? नाही म्हणता येणार. चिडलेली होती. वळणावर आपण वेग का सोडला यावर ती मला दहा मिनिटं सांगत होती, आणि मला जाणवलं की या चिडण्यात ते मागच्या वर्षीचं जळमट नव्हतं. ही तिची नेहमीची, कामाची अस्वस्थता होती.

तलावावरच्या दोघींपैकी एक जवळ आली आणि अवघडून म्हणाली, "तुमचा पाय काही उचलला जात नाही हो."

"नाही जात," आत्या म्हणाली.  त्या बाईने विचारलं, सकाळी का येत नाही, आम्ही येतोय अजून. आत्या म्हणाली, बघते.

ग्रंथपालबाई आल्या होत्या. सत्तरच्या गटात, नव्या खुब्यासह, फक्त गोळाफेकीला. डॉक्टरांशी भांडून तेवढी परवानगी मिळवली होती. पाच जणींत पाचव्या आल्या. मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून त्या पाणी पीत होत्या आणि आत्या त्यांच्याभोवती फेऱ्या घालत होती.

"तुमचा गोळा मानेपासून आधीच सुटतो. कोपर खाली येतं."

"आठवी आलेल्या बाईंनी पाचवीला शिकवू नये."

"पाच जणींत पाचवी."

"आधी एका जागी उभ्या राहा, मग शिकवा. मान दुखायला लागली बघून बघून."

आत्या थांबली. गोळा उचलून तिने तो त्यांच्या तळहातावर ठेवला, बोटं नीट लावून दिली आणि कोपराला खालून आधार दिला. सचिव लांबून ओरडले की स्पर्धा संपली आहे, गोळे परत करा. दोघींपैकी एकीनेही तिकडे पाहिलं नाही.